शेजारची मुलगी वर्षभर आमच्याकडे ठेवून घ्यायची आहे, सरकारला कळवावं लागतं का?

कमंडलूकाठ | रविवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. रोज वाचते, लिहायला आज पहिल्यांदाच बसलेय.

आम्ही रहिमतपूरजवळ राहतो. मी ४८, हे ५३. मुलगा पुण्याला नोकरीत, घरात आम्ही दोघं आणि सासूबाई. आमच्या मागच्या खोलीत एक बाई भाड्याने राहते, मूळची माण तालुक्यातली. नवरा दोन वर्षांपूर्वी गेला. पदरात एकच मुलगी, आठ वर्षांची, तिसरीत आहे. बाईला आता मुंबईत एका आजारी आजींकडे चोवीस तास राहायचं काम मिळतंय. पगार इथल्या शेतातल्या रोजापेक्षा कितीतरी जास्त, पण पोर सोबत न्यायची नाही अशी अट. परवा दिवेलागणीला ओट्यावर येऊन बसली. बराच वेळ नुसतीच बसली होती. मग म्हणाली, "काकू, वर्षभर हिला ठेवून घेता का? पुढचं पुढं बघू."

आमची तयारी आहे. खरं तर मला आनंदच होईल. पोर शाळेतून आली की दप्तर स्वतःच्या घरात टाकते आणि जेवायला आमच्याकडे येते, आत्ताही तसंच चाललंय. पण हे म्हणतात, रक्ताचं नातं नाही, उद्या पोर झाडावरून पडली, दवाखान्यात सही लागली, कुणी काही बोललं, तर आपण कोण? म्हणून पाचशेच्या स्टॅम्पवर लिहून नोटरी करून घ्यावी असं त्यांच्या मनात आहे. ग्रामपंचायतीत विचारलं, तर असा दाखला आमच्याकडे नसतो म्हणाले.

कुणी असं केलंय का? सरकारात कुठे कळवावं लागतं का?

शेंगदाणाचटणी | रविवार, रात्री ९.२५

काकू, आमच्या वाड्यात चार पोरं अशीच वाढली. एक आत्याचा, एक आजोबांच्या मित्राचा, दोघं कुणाचे ते मला अजून कळलेलं नाही. ठेवा बिनधास्त. सरकारला कळवलं की सरकार घरी येतं, आणि घरी आलेलं सरकार चहावर भागत नाही.

कृष्णाकाठची_वकील | रविवार, रात्री १०.०५

चटणीदादा, विनोद झाला, आता ताईंना उत्तर देऊ द्या.

ताई, नोटरीत पैसे घालू नका. शंभराचा स्टॅम्प जाऊन पाचशेचा आला तरी कागद तो कागदच. त्याने पालकत्व तुमच्याकडे येत नाही. आई जिवंत आहे, पालक तीच. रीतसर पालक नेमून घ्यायचा तर १८९० चा पालक आणि पाल्य कायदा आहे, जिल्हा न्यायालयात अर्ज करावा लागतो. वर्षभरासाठी त्या वाटेला कुणी जात नाही.

आणि नोटरीवाल्याकडे जुना मसुदा असतो, तो नाव बदलून छापतो. त्यात "कायमस्वरूपी सुपूर्द", "सर्व हक्क सोडले", "पोटच्या मुलीप्रमाणे स्वीकारली" असली वाक्यं असतात. ही वाक्यं तुम्हाला गोत्यात आणतील. बाल न्याय कायदा २०१५, कलम ८०: ठरलेली पद्धत टाळून अनाथ, टाकलेलं किंवा सरेंडर केलेलं मूल दत्तक दिलं-घेतलं तर तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाख दंड, किंवा दोन्ही. पैशांची देवघेव निघाली तर कलम ८१ लागतं, पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी. तुमचा हेतू चांगला आहे, हे कागद वाचणाऱ्याला कळत नाही.

आणखी एक. त्या बाईंना कुणी "बाल कल्याण समितीपुढे जाऊन सही करून टाक" असा सल्ला दिला, तर कसली सही ते आधी विचारायला सांगा. कलम ३५ मधलं सरेंडर म्हणजे मूल ठेवणं नव्हे, मूल सोडणं. विचार बदलायला दोन महिने मिळतात, त्यानंतर मूल दत्तकासाठी मोकळं होतं. "वर्षभर सांभाळा" म्हणणाऱ्या आईने चुकून ती सही करायची नाही.

कमंडलूकाठ | रविवार, रात्री १०.२०

बापरे. हे यांना वाचून दाखवलं. नोटरी रद्द.

पण मग ठेवून घ्यायचं कसं? आईला मूल सोडायचं नाही, आम्हाला दत्तक घ्यायचं नाही. मधलं काही आहे की नाही?

कृष्णाकाठची_वकील | रविवार, रात्री १०.४०

आहे. कलम ४४, फॉस्टर केअर. सरकारी मराठीत प्रतिपालकत्व, पण कार्यालयात तुम्हाला फॉस्टर केअरच ऐकू येईल. तो आदेश बाल कल्याण समिती देते, आई आणि तुम्ही आपसात ठरवून तो होत नाही. आणि आईने ओळखीच्या घरी मूल आपणहून ठेवलं तर ते नोंदवायची सक्ती या कायद्यात नाही. म्हणजे तुम्ही न कळवता मुलगी ठेवलीत तर गुन्हा नाही, पण सरकारच्या लेखी ती मुलगी अजून आईजवळच आहे. पडली-झडली तर तुमच्या सहीला किंमत नाही, ती म्हणूनच.

नदीपलीकडची_बाई | सोमवार, सकाळी ६.५०

मी एका जिल्ह्यात बाल कल्याण समितीवर होते, मुदत संपली. कुठला जिल्हा ते विचारू नका.

समिती म्हणजे अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यात किमान एक बाई. महिन्याला किमान वीस दिवस बसावं असं कायदा सांगतो. दंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात, म्हणून लोक आम्हाला कोर्ट समजून यायचे, काळा कोट शोधायचे. आणि आम्ही पाच माणसं एका टेबलामागे, पंखा बंद, बाहेर बाकावर आज्या.

वकीलताईंनी बरोबर सांगितलंय, मी फक्त आतलं सांगते. कायद्याने देखरेखीची मापं वेगवेगळी ठेवलीत. मूल संस्थेत असेल तर तपासणी समितीने तीन महिन्यांतून एकदा तरी जायचं, तीन माणसं हवीत, त्यात एक बाई आणि एक डॉक्टर. मूल फॉस्टर कुटुंबात असेल तर दर महिन्याला पाहणी. आणि समितीचं काम कसं चाललंय हे जिल्हाधिकाऱ्यांनी दर तिमाहीला बघायचं. कागदावर एकावर एक डोळे आहेत. पण जे मूल आईने "ठेव गं बाई वर्षभर" म्हणून दुसऱ्याच्या दारात सोडलं, त्याच्यावर एकही डोळा नाही. आणि आपल्या भागात जास्तीत जास्त मुलं तिथंच असतात. माझ्या मुदतीत फॉस्टर केअरच्या खऱ्या फाइली हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या. "मामाकडे असतो", "काकूंकडे ठेवलाय" अशी मुलं मात्र दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या दुसऱ्याच कारणाने पुढ्यात यायची. पळून गेला म्हणून, हॉटेलात सापडला म्हणून.

"स्वखुशीने" या शब्दावर माझा फार विश्वास राहिलेला नाही. २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातल्या कातकरी मुलांचं प्रकरण आठवत असेल. काही हजार रुपये आणि एखादी मेंढी देऊन मेंढपाळांनी पोरं राबायला नेली होती. एक मुलगी दगावली तेव्हा ते बाहेर आलं. आईबापांनी कुणी बंदूक लावली म्हणून दिली नव्हती, स्वखुशीनेच दिली होती. पोटात काही नसलेल्या माणसाची खुशी ती.

ताई, तुमचं घर तसलं नाही, हे वाचूनच कळतं. पण एक विचारू? तुमच्या एवढ्या मोठ्या पोस्टमध्ये आई काय म्हणाली ते आहे, तुमचे मालक काय म्हणाले ते आहे. मुलगी काय म्हणाली?

शेंगदाणाचटणी | सोमवार, सकाळी ७.१५

आठ वर्षांच्या पोराला काय कळतंय बाई. मला आठव्या वर्षी विचारलं असतं तर मी कंदी पेढ्याच्या दुकानात राहतो म्हणालो असतो.

गलाईवाला | सोमवार, दुपारी १.३०

चटणीभाऊ, आठव्या वर्षी सगळं कळतं. मी आठ वर्षांचाच होतो.

आमचं गाव विट्याच्या पुढं. आमच्याकडची निम्मी घरं गलाईच्या धंद्यात, देशात कुठलंही सराफ बाजार असलेलं गाव सांगा, तिथं सोनं-चांदी गाळणारा आमच्या भागातला माणूस सापडेल. वडील-आई तामिळनाडूत. तिथली शाळा तमिळ, म्हणून मला आटपाडीकडच्या आत्याकडे ठेवला. सात वर्षं होतो. आत्या देवमाणूस होती, तिच्याबद्दल एक वाईट शब्द बोलणार नाही. मनिऑर्डर यायची, दिवाळीला कपडे यायचे.

पण पाहुणा म्हणून सात वर्षं राहणं काय असतं ते सांगतो. दुसरी भाकरी मागायच्या आधी आत्याच्या पोरांनी मागितली का ते मी बघायचो. आजारी पडलो की लपवायचो, दवाखान्याचे पैसे कोण देणार त्यावरून रात्री आत्याचं आणि मामांचं बोलणं व्हायचं, आणि घर दोन खणांचं. चौथीत असताना अंथरूण ओलं व्हायला लागलं. पहाटे उठून गोधडी कडब्याच्या गंजीवर टाकायचो, दव पडलं म्हणून. त्या घरात एक गडी होता शेतावर. त्याच्याबद्दल मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही आणि इथेही सांगणार नाही. एवढंच म्हणतो, त्या सात वर्षांत कुणीही, म्हणजे मास्तर, तलाठी, नर्सबाई, कुणीही मला बाजूला घेऊन "बरा आहेस का रे" असं विचारलं असतं तर मी कदाचित बोललो असतो. आत्यापुढं नाही बोलू शकत. तिच्या घरचं खात होतो ना.

म्हणून म्हणतो, कळवा. घर चांगलं असलं तरी कळवा.

शेंगदाणाचटणी | सोमवार, दुपारी १.५०

दादा, सकाळचं मागे घेतो.

धनिणीची_बाग | सोमवार, संध्याकाळी ७.००

गलाईवाले दादा, तुमचं वाचून वाईट वाटलं. तरी मी विरुद्ध बाजूने लिहिणार आहे.

मी रयत शिक्षण संस्थेच्या साताऱ्यातल्या धनिणीच्या बागेतल्या वसतिगृहात वाढलो. आयडी त्यावरूनच घेतलाय. कर्मवीर अण्णांनी १९२४ ला साताऱ्यात बोर्डिंग काढलं तेव्हा गावोगावच्या आईबापांनी पोरं आपणहून आणून सोडली, सगळ्या जातीची. १९२७ ला गांधीजींनी श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असं नाव दिलं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पोरांच्या जेवणासाठी मंगळसूत्रसुद्धा मोडलं. तेव्हा कुठली समिती होती? कुठली गृहचौकशी? माणसाने माणसावर विश्वास टाकला म्हणून आमच्यासारखी पोरं शिकली. आता एका काकूंनी शेजारच्या पोरीला जेवू घालायचं तर फॉर्म, पोलिसांचा दाखला, महिन्याला तपासणी. असं केलंत तर उद्या कुणी दार उघडणार नाही. सरकारने आधी स्वतःच्या आश्रमशाळा बघाव्यात.

नदीपलीकडची_बाई | सोमवार, रात्री ८.३०

बागेतले दादा, बोर्डिंगात हजेरीपट होता, खर्चाची वही होती, शंभर पोरं एकमेकांकडे बघत होती, आणि अण्णांचं दार सगळ्या गावाला उघडं होतं. ती देखरेखच होती, फक्त तिला शिक्का नव्हता. दोन खणांच्या घरात एकट्या पोराला तसं कुणी नसतं.

आश्रमशाळांबद्दल मात्र तुमच्या तोंडात साखर पडो. त्यावर वेगळा धागा काढा, मी येते.

माणदेशी_मास्तर | सोमवार, रात्री ९.१५

शाळेच्या बाजूने लिहितो. मूल हललंय हे गावात सगळ्यात आधी आम्हाला कळतं. जूनमध्ये नवीन पोरगं दाखल, जनरल रजिस्टरला वडिलांचं नाव एक आणि शाळेत सोडायला आलेला माणूस दुसरा. विचारलं तर "मामा आहे". शिक्षण हक्क कायद्याने आम्ही कागद नाही म्हणून प्रवेश अडवत नाही, आणि ते बरोबरच आहे. पण मग ती माहिती आमच्याच रजिस्टरात पडून राहते. आईबापांबरोबर ऊसतोडीला निघालेल्या पोराला निदान शिक्षण हमी कार्ड मिळतं, पुढच्या शाळेला कळतं हे कुठून आलं. मामाकडे आलेल्या पोराचं असलं काहीच नसतं.

ग्राम बाल संरक्षण समिती म्हणून प्रकार आहे प्रत्येक गावात. सरपंच, पोलीस पाटील, अंगणवाडी ताई, मुख्याध्यापक. ठरावबुकात तिच्या बैठका होतात, चहासुद्धा ठरावबुकातच होतो. पण यातल्या प्रत्येकाला कुठल्या घरात कुणाचं पोर आहे हे पाठ असतं. कागद नको, समिती नको, नुसतं पोलीस पाटलांनी आणि अंगणवाडी ताईंनी दोन महिन्यांतून एकदा त्या दारावरून जाताना पोराला हाक मारली तरी चालेल. आमच्या पाटलांना मी हे बोललो. ते म्हणाले, आणि पोरगं रडायला लागलं तर मी काय करू? त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

नदीपलीकडची_बाई | सोमवार, रात्री ९.२५

१०९८ लावायचा. पूर्वी संस्था चालवायची, आता सरकारच चालवतं. फुकट आहे, रात्रीही लागतो. मास्तर, भिंतीवर नंबर मोठा रंगवून घ्या, पोरांच्या उंचीला. मोठ्यांच्या उंचीला रंगवतात सगळीकडे.

जतची_लेक | मंगळवार, सकाळी ११.००

बालसंगोपनाच्या सरकारी मदतीबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितेय. भाऊ-वहिनी गेल्यापासून त्यांची दोन मुलं माझ्याकडे आहेत. योजनेचं नाव आता क्रांतीज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. आधी महिन्याला ४२५ होते, मग ११०० झाले, २०२३ पासून २२५०. मिळतात. वेळेवर नाही, पण मिळतात, आणि त्या पैशांनी वह्या-पुस्तकं होतात, खोटं कशाला बोलू.

पण देखरेख म्हणाल तर कागदांची. बोनाफाईड, उत्पन्नाचा दाखला, पासबुकाची झेरॉक्स, मृत्यूचे दाखले. मृत्यूचा दाखला दरवर्षी नवा मागतात, जणू भाऊ मध्येच उठून आला असेल. ज्या कार्यालयात जाते तिथलं नाव घेत नाही, कारण पुढच्या वर्षी परत तिथंच जायचंय. पाच वर्षांत घरी एकदा माणूस आला. दारात मुलांना उभं करून फोटो काढला, गाडीवर बसून गेला. त्याच वर्षी मोठा शाळा बुडवून गॅरेजात जायला लागला होता, हे मलाच दिवाळीत कळलं. फोटोत तो छान हसतोय.

पैसा नीट जातो का हे सरकार बघतं. पोर नीट आहे का, हे बघायला त्या माणसाने उन्हात दहा मिनिटं बसायला हवं होतं. पाणीसुद्धा प्यायला नाही.

कृष्णाकाठची_वकील | मंगळवार, सकाळी ११.४०

जतच्या ताई, केंद्राच्या मिशन वात्सल्यमधून महिना ४००० ची प्रायोजकत्व मदत आहे, ती तपासलीत का? ग्रामीण भागात कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न ७२ हजारांपर्यंत, शहरात ९६ हजारांपर्यंत. अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षात. जाताना "केंद्राचं मिशन वात्सल्य" असं म्हणा. आपल्या राज्याने कोविडमधल्या एकल महिलांसाठी त्याच नावाची मोहीम काढली होती, टेबलावर नुसतं वात्सल्य म्हटलं की दुसरीच फाइल निघते.

कमंडलूकाठ ताई, तुमच्यासाठीही एक राहिलं. केंद्राच्या फॉस्टर केअरच्या नव्या मार्गदर्शक सूचना २०२४ ला आल्या. आता एकट्या व्यक्तीलाही, ३५ ते ६० वयात, मूल सांभाळायला घेता येतं. जोडप्याचा संसार किमान दोन वर्षं स्थिर हवा, तो तुमचा आहेच असं धरते. 🙂

लीड्सचा_पाटणकर | मंगळवार, रात्री ११.५५

इथे इंग्लंडमध्ये याला खास नाव आहे, खाजगी फॉस्टरिंग. सोळा वर्षांखालचं मूल, अपंग असेल तर अठराखालचं, जवळच्या नात्याबाहेरच्या माणसाकडे २८ दिवस किंवा जास्त राहणार असेल तर नगरपालिकेला कळवणं सक्तीचं. आजी-आजोबा, भावंडं, काका, मामा, आत्या, मावशी, सावत्र पालक यांना सूट. कळवल्यावर सात कामाच्या दिवसांत माणूस घरी येतो. पहिल्या वर्षी दर सहा आठवड्यांनी, नंतर बारा आठवड्यांनी. आणि पालिकेच्या माणसाने मुलाशी एकट्याने बोलायचं असतं. काकूंचं घर इथे असतं तर कळवावंच लागलं असतं.

हे नियम कडक झाले त्यामागे एक मुलगी आहे. व्हिक्टोरिया क्लिंबी. आयव्हरी कोस्टच्या आईबापांनी चांगलं शिकेल म्हणून आपणहून वडिलांच्या आत्याबरोबर युरोपात पाठवली. २००० च्या फेब्रुवारीत लंडनमध्ये तिचा जीव गेला, आठ वर्षांची होती. अंगावर १२८ जखमा. पोलीस, दोन दवाखाने, पालिकेची समाजसेवा खाती, सगळ्यांनी तिला कधी ना कधी पाहिलं होतं. लॉर्ड लॅमिंग यांच्या चौकशीचा अहवाल २००३ मध्ये आला. मला त्यातली एकच गोष्ट डोक्यातून जात नाही, ती म्हणजे इतके लोक भेटले तरी तिच्याशी तिच्या भाषेत, एकटीशी, नीट बसून जवळजवळ कुणीच बोललं नाही.

पण धनिणीच्या बागेतल्या दादांचीही बाजू इथे दिसते. नियम असूनही कळवणारे फार थोडे. लोक घाबरतात, त्यातून परदेशातून आलेले जास्तच. आणि उलटा प्रकारही झाला. १९८९ च्या चिल्ड्रन ॲक्टमध्ये कलम २० आहे, आईबाप आपणहून मूल पालिकेकडे ठेवू शकतात आणि केव्हाही परत नेऊ शकतात. काही पालिकांनी घाबरलेल्या, नुकत्याच बाळंत झालेल्या बायकांकडून त्यावर सह्या घेतल्या आणि मुलं कोर्टापुढे न जाता महिनोन्‌महिने तशीच ठेवली. २०१५ मध्ये सर जेम्स मनबी या न्यायाधीशांनी निकालपत्रात त्यांना चांगलंच झापलं. तेव्हा "स्वखुशी" हा शब्द सरकारही सोयीने वापरतं.

रात्र फार झाली, झोपतो. माझा पाटणचा पुतण्या गेली तीन वर्षं कऱ्हाडला माझ्या मित्राकडे शिकायला आहे. उद्या फोन करतो त्याला. मित्राला नाही, त्याला.

संपादक | बुधवार, सकाळी ८.००

मूळ प्रश्न एका मुलीच्या राहण्याचा आहे. आश्रमशाळा, गलाईतले कामगार कायदे आणि कंदी पेढे यांच्या पोस्टी हलवल्या आहेत.

कमंडलूकाठ | बुधवार, रात्री ९.३०

सगळ्यांचे आभार. गलाईवाले दादा, तुमची पोस्ट सासूबाईंना वाचून दाखवली, त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

बाईंच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी मुलीला विचारलंच नव्हतं. काल विचारलं, इथं राहशील ना गं? "हो" म्हणाली. लगेच म्हणाली.

नदीपलीकडची_बाई | बुधवार, रात्री ९.४०

तुमच्या स्वयंपाकघरात, तुम्ही विचारल्यावर, ती दुसरं काय म्हणेल ताई. जिल्हा बाल संरक्षण कक्षात जा. आईला घेऊन जा, मुलीलाही. गृहचौकशीला माणूस आला तर घर फार आवरू नका.

कमंडलूकाठ | तीन आठवड्यांनी, शनिवार, दुपारी ४.१५

धागा वर काढतेय. सांगायला उशीर झाला, जरा मन लागत नव्हतं.

आम्ही गेलो. कक्षातून एक मुलगी आली, वय पंचवीस असेल, गाडीवर. माझं सगळं घर बघितलं. मुलगी झोपणार कुठे, त्या खोलीला आतून कडी आहे का, संडासाला आहे का, घरी येणारे-जाणारे पुरुष कोण, पुण्याचा मुलगा किती दिवसांनी येतो. मला सुरुवातीला राग आला, माझ्या मुलाचं नाव यात कशाला. मग दादांची पोस्ट आठवली आणि सगळं सांगितलं. सासूबाईंशी वेगळं बोलली. चहा प्यायली, चटणीभाऊ, नुसता चहाच.

मग समितीपुढे. आईला आत बोलावलं, आम्हाला बोलावलं, आणि मग सगळ्यांना बाहेर काढून मुलीला एकटीला बसवलं. स्केचपेन दिले होते म्हणे. पाऊण तास. आम्ही बाहेर बाकावर. मी आईला म्हणाले, एवढं काय विचारतात?

मुलीने घर काढलं होतं. दोन शेळ्या, एक बाई, पुढं लिंबाचं झाड. ते आमचं घर नव्हतं. म्हसवडची आजी, वडिलांची आई. नवरा गेल्यावर सात-बाऱ्यावरून सासरी भांडण झालं, तेव्हापासून या बाई तिकडे फिरकल्या नव्हत्या आणि आजीचं नाव घरात काढायचं नाही असा दंडक. मुलगी दोन वर्षं आमच्याकडे जेवायला येत होती, मला तिने आजीबद्दल एकदाही सांगितलं नाही. मी विचारलंही नाही, आईने सांगितलं होतं कुणी नाही म्हणून.

आईने तिथं खूप आकांडतांडव केलं. समितीने आजीला पुढच्या तारखेला बोलावलं. म्हातारी पहाटेच्या एसटीने आली, पदरात शेंगा बांधून. मी तेव्हा आत नव्हते. आदेश असा झाला की मुलगी आजीकडे राहील, बालसंगोपनाचा अर्ज तिथूनच घेतला, आईने रोज फोन करायचा, सुट्टीत न्यायला यायचं, आणि महिन्याने घरी भेट. आई दोन दिवस माझ्याशीसुद्धा बोलली नाही. मुंबईला गेली सोमवारी. जाताना म्हणाली, तुम्ही कळवलं नसतं तर पोर इथं राहिली असती. खरंय ते.

गलाईवाला | शनिवार, दुपारी ४.४०

ताई, आजीच्या घरात आणखी कोण राहतं? ते बघितलं का कुणी?

कमंडलूकाठ | शनिवार, दुपारी ५.००

तोच प्रश्न त्या स्कूटीवाल्या मुलीने विचारला होता दादा. चुलता शेजारच्या घरात राहतो, त्याचं कुटुंब आहे. म्हसवडला जाऊन बघून आली ती, असं म्हणाली. अहवालात लिहिलंय.

माणदेशी_मास्तर | शनिवार, संध्याकाळी ६.१०

म्हसवडमध्ये कुठली शाळा ते मला निरोपात कळवा. तिसरीचे वर्गशिक्षक बहुतेक ओळखीचे निघतील. महिन्याने भेट म्हणजे किती महिन्यांनी ते आपल्याला माहीत आहे.

नदीपलीकडची_बाई | शनिवार, संध्याकाळी ७.२०

कमंडलूकाठ ताई, तुम्ही कशा आहात?

कमंडलूकाठ | शनिवार, रात्री ९.४५

बरी आहे. सवयीने तीन वाजता जास्तीची पोळी लाटते अजून. परवा हे ओरडले, कोण खाणार म्हणून.

एक मदत हवी होती. ती इथं राहणार म्हणून आम्ही तिच्यासाठी सायकल आणून ठेवली होती, लहान, लाल. इथं पडून गंजेल. म्हसवडकडे कुणाची गाडी जाते का?

शेंगदाणाचटणी | शनिवार, रात्री ९.५०

काकू, दर बुधवारी आमचा टेम्पो औंध, वडूज, दहिवडी करत म्हसवडला जातो. रहिमतपूर स्टँडच्या बाहेर सकाळी साडेसहाला उभा राहतो. मी स्वतः असेन. आजीच्या दारात नेऊन देतो, आणि पोरीला हाकही मारून येतो.

कमंडलूकाठ | शनिवार, रात्री ९.५८

हवा भरून ठेवते.